मॅलॉक नसलेल्या डब्यात बॉरो चेकर कशाला?

रस्ट, झिग, ओडिन, हेअर या सिस्टिम्स भाषांची, म्हणजे हार्डवेअरच्या जवळचे प्रोग्राम लिहायच्या भाषांची, तुलना म्हटलं की हमखास एक तक्ता समोर येतो. वर भाषांची नावं, डावीकडे गुणांची, मध्ये बरोबर-चूक अशा खुणा. मेमरी सेफ्टी (मेमरी चुकीच्या रीतीनं वापरूच न देणं) एकीला आहे, तिघींना नाही. जेनेरिक्स (एकच कोड अनेक प्रकारच्या डेटासाठी) तिघींना आहेत, एकीला नाहीत. तक्ता खोटा नसतो, पण त्यावरून काय वापरायचं ते मला कधीच ठरवता आलेलं नाही. कारण असा तक्ता करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सर्व्हर असतो. आमचा प्रोग्राम द्राक्षाच्या मांडवाखाली चालतो.

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्या बागांसाठी आम्ही हवामान मोजणारा डबा बनवतो. तापमान, आर्द्रता, पाऊस, आणि पान किती वेळ ओलं राहिलं ते. ही शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. फळछाटणीनंतर ऑक्टोबरात परतीचा पाऊस लागला की केवडा या रोगाची धास्ती असते, आणि पानावर पाणी जितका वेळ टिकेल तितका केवडा जोर धरतो. मणेराजुरीला माझे मामा आहेत, जुने बागाईतदार. त्यांचं म्हणणं एकच: "चुकीचा आकडा दावणार असशील तर डबा बंदच ठेव. आकडा नसला तर मी पान बघून फवारतो. चुकीचा असला तर त्याच्यावर भरवसा ठेवून घरी बसतो."

म्हणजे बंद पडलेला डबा परवडला, खोटं बोलणारा नको. सिस्टिम्स भाषांची तुलना मी याच मापानं करते. गप्प राहून चुकीचा आकडा पुढे ढकलणं कोणती भाषा सोपं करते, आणि कोणती जागच्या जागी अडवते? आणि अडवते ती केव्हा? माझ्या टेबलावर कंपाइल करताना, की बागेत बसवल्यावर?

सेन्सर डब्याला आरएस-४८५ च्या दोन वायरींनी जोडलेले असतात आणि त्यांचं बोलणं मॉडबसमध्ये चालतं. मॉडिकॉन कंपनीनं १९७९ मध्ये पीएलसीसाठी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी, काढलेला हा प्रोटोकॉल अजून कारखान्यांपासून पंपांच्या ड्राइव्हपर्यंत सगळीकडे भेटतो. डबा विचारतो, सेन्सर उत्तर देतो. उत्तरातला पहिला बाइट सेन्सरचा पत्ता, दुसरा फंक्शन कोड, तिसऱ्यात पुढे किती बाइट डेटा आहे तो आकडा, मग डेटा, आणि शेवटी सीआरसीचे, म्हणजे निरोप वाटेत बिघडला का ते ओळखायच्या आकड्याचे, दोन बाइट. या अख्ख्या निरोपाला फ्रेम म्हणतात. डेटातला १६ बिटांचा रजिस्टर येताना वरचा बाइट आधी येतो, सीआरसी येताना मात्र खालचा आधी. एकाच फ्रेममध्ये दोन उलट्या रिती. सेन्सरला नकार द्यायचा असेल तर तो फंक्शन कोडचा सगळ्यात वरचा बिट चढवतो, म्हणजे ०३ च्या जागी हेक्समधला ८३ येतो, आणि पुढच्या बाइटात नकाराचं कारण. अख्खी फ्रेम २५६ बाइटांच्या वर जात नाही. एवढंसं काम, पण नव्या भाषांच्या बहुतेक दाव्यांची परीक्षा त्यात होते. म्हणून चारही भाषांत मी हाच पार्सर, म्हणजे आलेल्या बाइटांतून आकडे वेगळे काढणारा कोड, लिहून पाहिला.

आधी सी. पार्सर लिहायची सीमधली सरळ रीत अशी: यूआर्टवरून (वायरीवरचे बाइट घेणारा चिपचा भाग) आलेले बाइट एका बफरमध्ये जमा करायचे, आणि पार्सरनं एक छोटं स्ट्रक्चर परत द्यायचं, ज्यात डेटा कुठून सुरू होतो त्याचा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आणि लांबी असते. कॉपी नाही, रॅम वाचते. किलोबाइटांत रॅम मोजणाऱ्या माणसाला ही रीत आवडतेच. आता मेन लूपमध्ये तो पॉइंटर धरून तुम्ही सरासरी काढताय, आणि मधल्या एखाद्या फंक्शननं पुढच्या सेन्सरला विचारून त्याचं उत्तर त्याच बफरमध्ये उतरवलं. पॉइंटर जुना, आकडे नवे. तापमानाच्या जागी पावसाच्या पल्स. क्रॅश नाही, एरर नाही, सीआरसीसुद्धा बरोबर. नोंदीत मात्र मणेराजुरीचं तापमान ६१ अंश. ६१ असेल तर निदान डोळ्यांत खुपतं तरी. २६ आलं असतं तर कोणाला कळलं असतं?

शीर्षकातला प्रश्न इथे येतो. आमच्या डब्यात मॅलॉक, म्हणजे चालत्या प्रोग्रामला मेमरी मागून देणारं सीचं फंक्शन, नाही. ती मेमरी जिथून येते तो हीपच नाही. मग फ्री केलेली मेमरी परत वापरली जाण्याचा प्रश्नच येत नाही, आणि रस्टचा बॉरो चेकर, म्हणजे कोणी कोणती मेमरी उसनी घेतलीय ते तपासणारा कंपायलरचा भाग, तर त्याच दुखण्यासाठी प्रसिद्ध आहे. "आमच्याकडे डायनॅमिक मेमरी नाही, आम्हाला रस्टची गरज नाही" हे वाक्य एम्बेडेडवाल्यांच्या तोंडून मी पुष्कळदा ऐकलंय. वर सांगितलेल्या बफरमध्ये फ्री कुठेच नाही. तरी दोष त्याच जातीचा: एकाच्या हातात जुनं बोट, दुसऱ्यानं खालचा मजकूर बदलला.

रस्टमध्ये हाच पार्सर लिहिला की फ्रेमच्या टाइपमध्येच नोंद होते की ही फ्रेम अमुक बफरमधून उसनी घेतलेली आहे. त्या नोंदीला लाइफटाइम म्हणतात, आणि नवख्याला ते चिन्ह बघून घाम फुटतो. पण तिचा अर्थ इतकाच की फ्रेमचा वापर संपेपर्यंत बफरमध्ये कोणी काही लिहायचं नाही. मधल्या फंक्शनला लिहिण्यासाठी तोच बफर दिला की कंपायलर थांबतो आणि तीन ओळी दाखवतो: उसनं कुठे घेतलं, लिहायला कुठे मागितलं, आणि जुनी उसनवारी पुढे कुठे वापरली जातेय. डबा अजून टेबलावर, बागेत कोणी गेलेलं नाही. मामांच्या मापानं याहून चांगलं काही नाही.

ग्रेडन होअर यांनी मोझिलात असताना स्वतःच्या हौसेनं सुरू केलेली ही भाषा १५ मे २०१५ ला १.० झाली, आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत लिनक्स कर्नेलमध्ये शिरली. तेव्हा ती आता 'नवी' राहिलेली नाही. पण मायक्रोकंट्रोलरवर तिचं बस्तान हल्लीच बसलं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी एकमेकांशी कसं जुळवून घ्यायचं ते ठरवणारं 'एम्बेडेड-हॅल' जानेवारी २०२४ मध्ये १.० ला आलं. यात मालकीची कल्पना हार्डवेअरलाही लागू होते. आरएस-४८५ च्या चिपला 'आता बोल' आणि 'आता ऐक' सांगणारी एक पिन असते. ती पिन एकदा यूआर्टच्या ड्रायव्हरला देऊन टाकली की दुसऱ्या कुठल्या फंक्शनला ती वापरताच येत नाही, कारण तिची मालकी गेलेली असते. सीमध्ये ती नुसती एक संख्या. कोणीही, कुठूनही वर-खाली करावी.

बॉरो चेकरला सगळंच दिसतं असं मात्र नाही. बफर इंटरप्टमधून (चालू काम थांबवून मध्येच धावणारा कोड) भरला जात असेल तर मेन लूप आणि इंटरप्ट दोघांना दिसेल असा ग्लोबल बफर लागतो, आणि बदलता ग्लोबल म्हणजे रस्टमध्ये अनसेफ, म्हणजे जबाबदारी कंपायलरची नाही, लिहिणाऱ्याची. पूर्वी लोक अनसेफ लिहून मोकळे व्हायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये १.८५ बरोबर आलेल्या २०२४ च्या एडिशननं अशा ग्लोबलचा रेफरन्स घेणंच डीफॉल्टनं अडवलं. डीएमए तर आणखी पुढचं. तिथे बफरमध्ये लिहिणारा प्रोग्रामच नसतो, हार्डवेअर असतं, कंपायलरच्या पाठीमागे. वाटतं की ड्रायव्हरला बफर उसना द्यावा आणि ड्रायव्हर नष्ट होताना त्यानं डीएमए थांबवावं. पण रस्टमध्ये एखादी वस्तू 'विसरून जाणं' हे सेफ मानलेलं आहे, म्हणजे नष्ट करण्याचा कोड धावेलच याची हमी नाही. ड्रायव्हर विसरला, बफर स्टॅकवरून गेला, आणि डीएमए त्या जागेवर लिहीतच राहिलं, असं होऊ शकतं. म्हणून बहुतेक ड्रायव्हर सगळा वेळ जिवंत राहणारा बफरच मागतात, किंवा बफरची मालकीच काढून घेतात आणि काम झालं की परत देतात. हे लक्षात आलं की रस्टमधली काही विचित्र वाटणारी फंक्शनं एकदम शहाणी वाटायला लागतात.

आमच्याकडे नवीन लागलेली मिरजेची मुलगी आहे, डिप्लोमा करून आलेली. तिनं विचारलं, "ताई, शेवटी मायक्रोकंट्रोलरच्या रजिस्टरला लिहायला अनसेफ लागतंच, मग फायदा काय?" मी तिला अनसेफ हा शब्द सर्च करायला लावला. आमच्या फर्मवेअरमध्ये तो मोजक्या जागी निघाला. मग जुन्या सीच्या फोल्डरमध्ये तेच शोध म्हटलं. ती हसली, कारण तिथे काय शोधणार? सगळंच अनसेफ.

आता रस्टला मार्क कापायच्या जागा. पहिली: 'ॲज' हा शब्द. १६ बिटांचा आकडा ८ बिटांत कोंबायचा असेल तर 'ॲज यू८' लिहिलं की वरचे बिट गुपचूप गळतात. आणि दोन्हींचा आकार तोच ठेवून चिन्हाचा अर्थ बदलायचा असेल तरी शब्द तोच. तपासून बदलायची रीत वेगळी आहे, पण ती टाइप करायला लांब, म्हणून घाईत सगळे 'ॲज' लिहितात. दुसरी: आकडा ओसंडला तर डीबगमध्ये प्रोग्राम थांबतो, रिलीजमध्ये गुपचूप शून्यावरून परत सुरू होतो. समजा ओल्या मिनिटांची बेरीज ८ बिटांत ठेवली. पान २६० मिनिटं ओलं राहिलं, म्हणजे सव्वाचार तासांच्या वर, तर आकडा दिसेल ४. चार मिनिटं! मामा फवारणार नाहीत. रिलीज प्रोफाइलमध्ये एक ओळ घालून ही तपासणी चालू ठेवता येते, आणि आम्ही ती घालतो. पण डीफॉल्ट उलटं असायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. वेग हवा असणाऱ्यानं ओळ घालावी.

याच जागी मला झिग जास्त पटते. अँड्र्यू केली यांनी २०१६ मध्ये जगापुढे आणलेल्या या भाषेत चार बिल्ड मोड आहेत, आणि 'रिलीजसेफ' नावाच्या मोडमध्ये वेगही मिळतो, तपासण्याही राहतात. २६० मिनिटांवर डबा थांबतो, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की चिप परत सुरू करणारा टायमर) त्याला रीसेट करतो, नोंदीत खाडा दिसतो. मामांना चालेल. मुद्दाम गोल फिरवायचं असेल तर बेरजेच्या चिन्हापुढे टक्क्याचं चिन्ह लावायचं. याची गरज पडते, बरं का. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो, आणि तिथे गोल फिरणारी वजाबाकीच बरोबर उत्तर देते. झिगमध्ये ते चिन्ह वाचणाऱ्याला सांगतं की इथे लिहिणाऱ्यानं विचार केलेला आहे. आकड्यांच्या बदलालाही चार वेगळे शब्द आहेत: तपासून बदल, कापून बदल, बिट तसेच ठेवून बदल, आणि जिथे धोका नाहीच तिथला साधा बदल. टाइप करायला त्रास होतो. वाचताना फिटतो.

झिगचा खरा दागिना म्हणजे कॉम्पटाइम. सीआरसी पटकन काढायला २५६ आकड्यांचा टेबल लागतो. सीमध्ये तो कुठूनतरी उचलून चिकटवतात, किंवा वेगळी स्क्रिप्ट लिहून बनवतात. कोणी तपासलेला असतो का? झिगमध्ये टेबल बनवणारं साधं फंक्शन लिहायचं, नेहमीच्या लूपसकट, आणि ते कंपाइल करतानाच चालवायला सांगायचं. टेबल फ्लॅशमध्ये तयार. पहिल्यांदा कंपायलर कुरकुरतो, कारण कंपाइलच्या वेळी लूप किती वेळा मागे फिरेल याची मर्यादा १,००० आहे आणि इथे २५६ गुणिले ८ म्हणजे २,०४८ फेऱ्या होतात. एका ओळीत ती मर्यादा वाढवायची. रस्टमध्येही कंपाइलच्या वेळी चालणारी फंक्शनं आहेत, पण त्यात साधा 'फॉर' लूप चालत नाही, 'व्हाइल' लिहावं लागतं. जमतं, पण तो वेगळा कोपरा आहे हे सतत जाणवतं. झिगमध्ये जेनेरिक्ससुद्धा कॉम्पटाइममधूनच येतात: टाइप घेणारं आणि टाइप परत देणारं फंक्शन, बास. मॅक्रो नाहीत, टेम्प्लेटची वेगळी भाषा नाही.

मेमरी मागण्याची झिगची रीत गणपतीच्या वर्गणीसारखी आहे: पावतीपुस्तक दारात दाखवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. ज्या फंक्शनला मेमरी हवी त्यानं अलोकेटर (मेमरी वाटून देणारा) हा पॅरामीटर उघडपणे मागायचा. फंक्शनची पहिली ओळ बघूनच कळतं की हे मेमरी खाणार. डब्यासारख्या ठिकाणी त्याला एका ठरावीक ॲरेवर बसवलेला अलोकेटर देता येतो. ॲरे संपला की एरर, आणि ती एरर नकळत टाळून पुढे जाता येत नाही. हेही महत्त्वाचं. रस्टमध्ये रिझल्ट (काम जमलं की चुकलं ते सांगणारं उत्तर) न तपासता टाकला तर नुसती वॉर्निंग येते. झिगमध्ये कंपाइलच होत नाही, अंडरस्कोरला (नको असलेलं उत्तर टाकायची जागा) देऊन टाकायचा प्रयत्न केला तरी नाही. मात्र झिगची एरर म्हणजे नुसतं नाव, तिच्या पोटात काही ठेवता येत नाही. सेन्सरनं ८३ पाठवून दिलेलं नकाराचं कारण एररबरोबर वर न्यायचं तर वेगळी वाट काढावी लागते. रस्टचा एनम ते कारण पोटात घेऊन जातो. ओडिनचं आणि हेअरचं युनियनही नेतं. मॉडबसमध्ये हा फरक रोज लागतो: 'सेन्सर व्यस्त आहे' आणि 'असा रजिस्टरच नाही' या दोन नकारांवर करायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

आणि ती बफरवर बफर उतरण्याची भानगड? झिग काही बोलत नाही. पॉइंटर जुना, आकडे नवे, कंपाइल स्वच्छ, रनटाइमलाही तक्रार नाही. तपासण्या लांबीच्या आहेत, आकड्यांच्या आहेत, पण कोणी काय उसनं घेतलंय याचा हिशेब ठेवायला कोणी नाही. 'झिग म्हणजे सोपा रस्ट' असं म्हणतात तेव्हा मला हे आठवतं. सी सुधारून लिहिली तर कशी होईल, याचं उत्तर म्हणजे झिग. रस्टचा प्रश्नच वेगळा आहे.

म्हणूनच बहुधा झिग मला सर्वांत उपयोगी पडली ती सी कंपाइल करायला. झिगच्या एका डाउनलोडमध्ये सीचा कंपायलर आणि वेगवेगळ्या प्रोसेसरांची लायब्ररी असते. विंडोज लॅपटॉपवर बसून आमच्या गेटवेसाठी, म्हणजे डब्यांच्या नोंदी पुढे नेणाऱ्या एआरएम लिनक्स मशिनसाठी, बायनरी निघते, टूलचेन (कंपाइल करायची हत्यारं) जमवण्यात दिवस घालवावा लागत नाही. वर डीबगमध्ये तो सीमधल्या अनडिफाइन्ड वागणुकीवर, म्हणजे काय घडेल ते भाषेनं ठरवलेलंच नाही अशा जागांवर, पहारा आपोआप बसवतो. पावसाचा काउंटर ३२ बिटांचा असतो, चार बाइट जोडून बनतो. सीमध्ये पहिला बाइट २४ घरं डावीकडे सरकवतात. तो बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असेल तर हे सरकवणं अनडिफाइन्ड आहे, कारण ८ बिटांचा आकडा सी आधी चिन्हवाल्या इंटमध्ये नेते. बहुतेक कंपायलरवर चालून जातं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. झिगनं कंपाइल केलेला प्रोग्राम त्या ओळीवर जागीच थांबतो. आणि तीच ओळ झिगमध्ये लिहायला गेलात तर लिहिताच येत नाही: ८ बिटांचा आकडा किती सरकवायचा ती संख्या ३ बिटांचीच असावी लागते, २४ तिथे बसतच नाही. अशा बारीक जागी भाषा करणाऱ्याची नजर कळते.

ओडिनबद्दल मला माया आहे, हे आधीच सांगते. गिंजर बिल या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बिल हॉल यांची ही भाषा झिगच्याच वयाची, आणि जँगाएफएक्सचं धूर-आग-स्फोट बनवणारं एम्बरजेन तिच्यात लिहिलेलं आहे. मॉडबससाठी तिच्यात एक गोष्ट अशी आहे की मी पहिल्यांदा वाचून टाळीच वाजवली. बाइटांचा क्रम टाइपमध्येच सांगता येतो. डेटाचा रजिस्टर 'यू१६बीई', सीआरसी 'यू१६एलई', असं स्ट्रक्चरमध्ये लिहिलं की वाचताना उलटापालट कंपायलर करतो. इतर भाषांत हा बदल फंक्शननं करायचा असतो आणि विसरला तर आकडा नुसता चुकीचा येतो, ओरडत नाही. शिवाय 'डिस्टिंक्ट' लिहून तापमान आणि आर्द्रता हे दोन वेगळे टाइप करता येतात, मग एकाच्या जागी दुसरं दिलं की कंपायलर हरकत घेतो. रस्टमध्ये हे एका फील्डच्या स्ट्रक्चरनं जमतं, पण मग बेरीज-वजाबाकी परत शिकवावी लागते.

मात्र मेमरीच्या बाबतीत ओडिन झिगच्या बरोबर उलट्या टोकाला आहे. तिथे अलोकेटर 'कॉन्टेक्स्ट' नावाच्या एका न दिसणाऱ्या पॅरामीटरमधून प्रत्येक फंक्शनला आपोआप पोहोचतो. लिहायला फार सुखाचं. लूपच्या शेवटी तात्पुरती मेमरी एका हुकमानं रिकामी करायची, मधल्या कोणाला माहीतही नसतं. पण सीकडून किंवा इंटरप्टमधून आत आलात की तिथे कॉन्टेक्स्ट नसतो, तो हातानं उभा करावा लागतो. आणि ओसंडलेला आकडा ओडिनमध्ये गोल फिरतो, भाषेच्या नियमानंच. आमची २६० मिनिटं परत ४. म्हणून डब्यात ओडिन नाही. बागांचे आलेख काढायचं माझं टेबलावरचं टूल मात्र तिच्यातच आहे. चित्रं काढायची रेलिब ही लायब्ररी भाषेबरोबरच येते, पॅकेज मॅनेजर मुद्दामच नाही, आणि दुपारी सुचलेलं चहापर्यंत स्क्रीनवर दिसतं.

हेअरवर फार लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. ड्रू डीव्हॉल्ट यांनी एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केली, जेनेरिक्स नाहीत, एलएलव्हीएम (अनेक भाषा प्रोसेसरचा कोड बनवायला वापरतात ते मोठं यंत्र) नाही. त्या जागी क्यूबीई नावाचं छोटं बॅकएंड, मोजक्याच प्रोसेसरांसाठी कोड बनवणारं, म्हणून आमच्या मायक्रोकंट्रोलरपर्यंत ती पोहोचतच नाही. विंडोजला अधिकृत आधार नाही, आणि आमच्या वर्कशॉपमधली सगळी मशिन विंडोजची. लिनक्सच्या लॅपटॉपवर पार्सर लिहून झाला. छान, लहान, वाचनीय झाला. तिची स्टँडर्ड लायब्ररी मी मिरजेच्या मुलीला वाचायला दिली, कारण ती वाचून कळते. एवढ्याचसाठी सुद्धा भाषा असावी. गूगलच्या कार्बन या भाषेकडे मी वळलेच नाही. तिचा जन्म सी++ च्या मोठ्या कोडसाठी आहे आणि आमच्याकडे सी++ चा मोठा कोड नाही.

तक्त्यात न येणारी एक गोष्ट राहिली. मी नसताना हा कोड कोण दुरुस्त करणार? सांगलीत सी येणारी मुलं मिळतात, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातून, पॉलिटेक्निकांतून. त्यातली बरीच पुण्याला जातात, पण जी राहतात त्यांना सी येते. रस्ट येणारं कोणी अर्ज घेऊन आलेलं मला आठवत नाही. झिग सीवाल्याला आठवडाभरात वाचता येते. रस्टला वेळ लागतो, आणि तो वेळ लाइफटाइमच्या खुणांवर जात नाही, आपल्या प्रोग्रामचा नकाशा बदलण्यात जातो. आपण ज्याला त्याला पॉइंटर वाटत होतो, हे आधी मान्य करावं लागतं. मिरजेच्या मुलीला मात्र ते माझ्यापेक्षा लवकर जमलं. तिच्या हाताला सीची सवय इतकी पक्की नव्हती.

मग आमचं ठरलं ते असं. नव्या डब्याचं फर्मवेअर रस्टमध्ये, ओसंडण्याची तपासणी रिलीजमध्येही चालू, आणि इंडेक्स करायच्या जागी तपासून घेणारं 'गेट', कारण चौकटीबाहेरचा इंडेक्स म्हणजे पॅनिक, प्रोग्राम जागीच थांबतो. पॅनिक झालंच तर डबा त्याची जागा नोंदवून रीसेट होतो, खोटा आकडा पाठवत नाही. बागांत आधीच बसवलेल्या डब्यांचं सी आहे तसंच राहील. त्याचा पार्सर आता टेबलावर झिगच्या सी कंपायलरमधून डीबगमध्ये चालवूनच पुढे जातो. गेटवे झिगमध्ये, अलोकेटरसकट.

गेटवेची एक डोकेदुखी आहे. झिग अजून १.० नाही आणि प्रत्येक आवृत्ती काहीतरी मोडते. २०२३ च्या ०.११ मधून असिंक (एका कामाची वाट बघताना दुसरं करण्याची सोय) गेलं, ऑगस्ट २०२५ च्या ०.१५ मध्ये वाचण्या-लिहिण्याचा सगळा इंटरफेस बदलला. आमचा गेटवे म्हणजे दुसरं काय, वाचणं आणि लिहिणंच. म्हणून तो ०.१४ वर बांधून ठेवलाय, कंपायलरची झिप कोडच्या शेजारीच ठेवली आहे, आणि ०.१५ ला न्यायचं काम खरडछाटणीपर्यंत, म्हणजे हंगाम संपून उन्हाळ्यात बाग छाटेपर्यंत, कोणी काढायचं नाही असं फळ्यावर लिहिलंय. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बागेतल्या नोंदी तुटल्या तर मामा मला घरात घेणार नाहीत.